बुडूची बाटली

कंपुंग बुलुह तिंगी
रमजानचा बाविसावा, मंगळवार

काक लोंग, सलाम.

नाही, मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. तुझ्या पत्राची पहिलीच ओळ, "सेपिया, तुझी अक्कल कुठं चरायला गेली?" ती वाचली आणि बरं वाटलं. म्हटलं, थोरलीची तब्येत ठणठणीत आहे. गुडघ्यांना तेल चोळतेस ना?

तू लिहितेस की मी "प्लास्टिक पाळते". मी कारखान्यात बाटल्या धुते, बाई. पाळतात त्या डॉक्टर नाबिला. आपल्या खाडीच्या चिखलातले जिवाणू आहेत ते, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना टाकीत पामतेल पाजायचं, पोटभर. पण ठरल्या दिवसापासून नत्राचं खाणं बंद. नत्र नाही तर वाढता येत नाही, मग बिचारे तेल साठवून ठेवतात, माझा नवरा मामाट गेल्यावर मी कमरेवर साठवलं तसं. फरक एवढाच की त्यांच्या पोटात विकर असतं. विकर म्हणजे शिंपी समज. तेलाचे बारीक तुकडे एकाला एक जोडत लांबच लांब दोरा करतं. त्याचे दाणे होतात, ते दाणे म्हणजे प्लास्टिक. मातीत पुरलं की मातीच ते खाऊन टाकते. त्याची एक पिशवी बाईंनी मला दिली. मी तिच्यातून बाजारातली मासळी आणली. फाटली नाही हो!

आता त्या दिवसाचं.

ईदनंतर मोठे पाहुणे येणार, त्यांना दाखवायची टाकी होती ती. संध्याकाळच्या बांगेला तिच्यात बुडू पडलं. अख्खी बाटली. बुडू म्हणजे आंबवलेली मासळी, नत्रच नत्र. जिवाणूंनी साठवलेलं प्लास्टिक स्वतःच खाल्लं आणि पोरंच पोरं काढली. सकाळी टाकीला बंदराचा वास, आणि दाणे जवळजवळ नाहीतच.

मॅनेजर जम्री ओरडत आला. टाकीवर कार्सो होता. जावाचा तो, आठ वर्षं इथं राबतोय. नोकरी गेली की परमिट जातं, परमिट गेलं की समुद्रापार रवानगी. तिकडं दोन पोरी शाळेत आहेत त्याच्या. मान खाली घालून उभा.

मी म्हटलं, "साहेब, त्याला कशाला झापता? बाटली माझी आहे."

"तुमची बाटली टाकीत गेली कशी, मोक सू?" सगळे मला मोक सूच म्हणतात, जशी काही अख्ख्या कारखान्याची धाकटी मावशी मी.

"पाय फुटले असतील तिला."

बाकीचे हसले. तो नाही. म्हणाला, "उपासाचा महिना आहे. खोटं बोलू नका."

"म्हणून तर सांगते, बाटली माझी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद टाइप करून आणला. 'मी अडाणी असल्यामुळे नकळत माझ्या हातून चूक झाली, माफी असावी.' सही केली की बाटल्या धुवायला मोकळी. तुझा नवरापण म्हणे तेच सांगतोय, कर सही नि सुट. त्याला सांग, स्वतःची सही त्याला तरी नीट येते का?

मी लाल पेन घेतलं. 'अडाणी' खोडलं. सहावी पास आहे मी, आणि पाढे तुझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. 'माफी' खोडलं. 'नकळत' तर दोनदा खोडलं. 'माझ्या हातून'पण खोडलं. खाली लिहिलं, 'हे माझ्यामुळं झालं. मला कळत होतं.' आणि सही ठोकली.

जम्री म्हणाला, "याचा अर्थ समजतो का? नोकरी जाईल."

"समजतो. तुम्हाला समजला म्हणजे झालं."

नोकरी गेली. कार्सो टाकीवर आहे. मी फाटकाशी केळी तळून विकते, आणि जम्री रोज मान वळवून जातो. त्याला बघून मी मोठ्यानं "घ्या साहेब, गरमागरम!" म्हणते. उपासाच्या दिवसात भर चारला. नाबिला बाई मात्र थांबत नाहीत, बोलत नाहीत. ते लागतं.

तू विचारशील, 'नकळत' एवढा एक शब्द राहू दिला असतास तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं, काक लोंग. तुला सांगते, नवऱ्याला सांगू नकोस.

ओतलं कार्सोनं. "हे जीव उपाशी आहेत, बांग झाली, यांचा उपास कोण सोडवणार?" असं म्हणून बाटली त्याच्या हातात दिली मी. चेष्टा होती माझी. त्या भोळ्यानं बिस्मिल्ला म्हणून रिकामी केली. मी दारातून बघत होते. टाकीचं काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. थांबवायला वेळ होता. मी हसत उभी राहिले.

तुझी
सेपिया