सेजफिल्ड मागे राहिलं

सेजफिल्ड
५ ऑगस्ट

चि. बेगोन्यास,
इन्याकीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन मुद्दामच केला नाही. केला असता तर नको ते बोलून बसलो असतो. कागदावर निदान खोडता तरी येतं.

काल सकाळी मी माझ्या संघातल्या मुलींच्या धावण्याच्या शर्यतीचा मार्ग आखत होतो. मेंढ्यांच्या कुरणालगतच्या उतारावर चुन्याची रेघ ओढत होतो, तेवढ्यात आमच्या मैदानाचा जुना राखणदार लोवेल गाडी घेऊन थेट गवतातून आला. खाली उतरला आणि म्हणाला, पोर्ट हॅलम गेलं. मला वाटलं, तुमच्याकडे भूकंपबिकंप झाला. गेलं म्हणजे कुठे, असं मी विचारलं, तर म्हणतो, अटलांटिक लीगमध्ये.

बेगो, तुमच्या विद्यापीठाच्या खिडकीतून पॅसिफिक समुद्र दिसतो. अटलांटिकचा तुमचा काय संबंध? तुमचा तो भूगोल विभाग बंद पडला का?

आपल्या आजोबांच्या काळापासून दहा विद्यापीठांनी मिळून चालवलेली खेळांची किनारी लीग दुपारपर्यंत संपली. रेडिओवर एकेकाचं नाव येत गेलं. जेवायच्या वेळी उरलो ते आम्ही आणि डोंगरापलीकडचं शेतकी कॉलेज. तुझ्या वहिनीच्या खाणावळीत लांब टेबलाभोवती सगळे मटणाचा रस्सा समोर घेऊन नुसते बसले होते. मयताच्या घरातसुद्धा याहून जास्त बोलतात. हॅलमच्या सामन्याच्या आठवड्यात त्या टेबलावर मांडीला मांडी लावून बसावं लागतं, हे तुला मी सांगायला नको.

जुलैत तू येऊन गेलीस. तुझ्या भाचीच्या, नेरेआच्या, गुडघ्याची चौकशी केलीस, यंदा माझ्या मुली तुमच्या मुलींना हरवणार का म्हणून मला चिडवलंस. तू तिथे विश्वस्त मंडळावर आहेस. तेव्हा एवढंच विचारतो, तुला माहीत होतं का?

राग आहे, पण लोभ आटलेला नाही. तुझाही आटू देऊ नकोस.

तुझा दादा
इन्याकी

*

पोर्ट हॅलम
११ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माहीत होतं. आणि मतदानाच्या वेळी मी हात वर केला. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू वाचशील की नाही ते तू ठरव.

जुलैत आले तेव्हा बोलणी चालू होती आणि आम्हा सगळ्यांकडून गुप्ततेवर सह्या घेतल्या होत्या. तुला चिडवत होते ते गप्प राहता येईना म्हणून.

आमच्यासमोर भिंतीवर देशाचा नकाशा लावला होता. त्यावर गावं नव्हती, विद्यापीठंही नव्हती. कुठल्या भागात किती घरांत टीव्ही लागतो, तेवढंच रंगवलेलं होतं. आमचं शहर लालभडक. सेजफिल्डपाशी रंगच नव्हता, दादा. कागद तसाच पांढरा सोडलेला. ज्या कंपनीकडे आपले सामने दाखवायचे हक्क होते, तिने नव्या कराराला पूर्वीपेक्षा कमी किंमत लावली. अटलांटिकवाल्यांना रात्री उशिराच्या वेळेत दाखवायला सामने हवे होते, आणि आमच्याकडे खेळ सुरू होतो तेव्हा तिकडे रात्र असते. तेवढ्यासाठी आम्ही हवे होतो. फुटबॉलच्या पैशावरच आमची रोइंग, पोहणं, धावणं, सगळी पोरं पोसली जातात. कुलगुरू म्हणाले, आपण नाही गेलो तर दुसरे जातील आणि मागे आपण उरू. खोलीतल्या प्रत्येकाला हीच भीती होती. नफ्याचा मोह असता तर मी भांडले असते. भीतीपुढे मला भांडता आलं नाही.

मी ‘नाही’ म्हटलं असतं तरी निकाल बदलला नसता. पण हे समाधान मी मलाच देऊ शकत नाही, तर तुला कुठून देऊ?

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया काढून घेऊ नये, एवढंच मागणं.

तुझी
बेगोन्या

*

सेजफिल्ड
३० नोव्हेंबर

चि. बेगोन्यास, आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आता बातमी आहे.

टीव्हीचे पैसे बंद झाले, त्यामुळे आमच्या विद्यापीठाने काही खेळ बंद करायचे ठरवले. उन्हाळ्यापासून मुलींचं धावणं बंद. मला कार्यालयात बोलावून सांगितलं आणि घोषणा होईपर्यंत मुलींना कळू देऊ नका, अशी विनंतीही केली. मी सराव घ्यायला गेलो तर त्या पायांना ताण देता देता फोनकडे बघून रडत होत्या. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. नेरेआ रडत नव्हती. आपल्या बापाकडे कुणीतरी परका उभा असावा तशी बघत होती. तिला वाटलं, मी लपवलं. लपवलंच होतं, कार्यालयापासून मैदानापर्यंत चालत येईतो.

आणि आता तुमच्या प्रशिक्षकांचं तिला बोलावणं आलंय. यात तुझा हात नसेल तर नाही म्हणून कळव. असेल तर काही कळवू नकोस.

इन्याकी

*

डेन्व्हर विमानतळ
१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

समोर बसले की तू मला वाढत राहतेस आणि मी गप्प राहते, म्हणून लिहितेय. आमचं दुसरं विमान वादळामुळे सुटत नाहीये. सगळ्या मुली पाठपिशव्यांवर डोकं टेकून फरशीवर झोपल्यात.

जिथून परत येतोय ती शर्यत आम्ही पूर्व किनाऱ्यावर धावलो. धावलो त्याहून जास्त वेळ बॅगांच्या पट्ट्यापाशी उभ्या होतो. शेवटच्या रेषेपाशी मोजून बघण्याइतकीही माणसं नव्हती. तिथल्या एका मुलीने मला विचारलं, पोर्ट हॅलम नक्की कुठेशी आलं. उद्या सकाळी माझी रसायनशास्त्राची परीक्षा आहे, ती चुकणार. आधीचीही अशीच चुकली होती. त्याच गावात फुटबॉलची मुलंही खेळायला आली होती. ती स्वतंत्र विमानाने आली आणि एव्हाना घरी पोचून जेवलीसुद्धा असतील.

तू म्हणालीस, फुटबॉल आम्हाला पोसतो. खरं आहे ते. फक्त आमची पंगत वेगळी आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मी पोर्ट हॅलमला आले ते बाबांना दुखवून. अजून दोन वर्षं मला धावायचंच आहे, म्हणून आले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण बाबा अजूनही फक्त डाव्या पायाला बर्फ लाव एवढंच कळवतात. तू त्यांच्याशी बोलशील का?

माझ्या उद्धटपणावर पांघरूण घाल. तशी मी तुझीच आहे.

नेरेआ

*

पोर्ट हॅलम
२१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर्षभर तुला लिहिलं नाही. नेरेआला बोलावण्यात माझा हात होता, आणि तू कळवू नकोस म्हणाला होतास.

तिच्या पत्रानंतर मी कुणाला न सांगता मुलींच्या पुढच्या दौऱ्यावर त्यांच्याबरोबर गेले. माझे गुडघे दोन दिवस बोलत होते, आणि मला तर धावायचंही नव्हतं. परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत मी ठराव मांडला, की फुटबॉल जाऊ दे जिथे जायचं तिथे, बाकीच्या मुलांना इथल्याच शेजाऱ्यांशी खेळू द्या, बसने जाऊन संध्याकाळी घरी येऊ द्या. अनुमोदन द्यायला कुणी नव्हतं. कुलगुरू सौम्यपणे म्हणाले, “आपण सगळं एकत्र विकलंय, बेगोन्याबाई.”

पण खरा धक्का त्यानंतरचा आहे. गेल्या आठवड्यात अटलांटिक लीगच्या सभेला मी पूर्वेला गेले होते. तिथे कुजबुज ऐकली, मग कागदच हातात आला. त्यांच्यातली सगळ्यात बलाढ्य विद्यापीठं बाहेर पडून आपली वेगळी लीग काढतायत. पुन्हा नकाशा, पुन्हा घरं. आणि आम्ही त्यात नाही. आमचे सामने फार उशिरा सुरू होतात, तोवर तिकडचे लोक झोपतात, असं कारण लिहिलंय. आम्हाला घेतलं ते याच गुणासाठी होतं, दादा.

जाहीर व्हायला अजून काही आठवडे आहेत. याही वेळी सही घेतली आहे. तरी तुला लिहितेय. हवं तर रेडिओवाल्यांना सांग, हवं तर पोटभर हस. तेवढा हक्क तुझा आहे.

मी राजीनामा देणार होते. दिला नाही. हात खाली ठेवणारं एक माणूस तरी तिथे असावं.

जमलं तर दोन ओळी धाड.

तुझी
बेगोन्या

*

सेजफिल्ड
२५ नोव्हेंबर

चि. बेगोन्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र खाणावळीच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. वर्षभर मी याच बातमीची वाट बघत होतो, असं मला वाटायचं. अगदी हॅलमचीच जिरावी, तीही नकाशानेच, असं मनातल्या मनात रंगवलंही होतं. आणि वाचल्यावर, आता तिकडचेही खेळ बंद होतील, म्हणून पहिली आठवण झाली ती तुमच्या रोइंगच्या पोरांची. त्यांना मी ओळखतही नाही. आनंद झालाच नाही, बेगो. मीच चकित झालो. तुझी वहिनी बाहेर येऊन विचारून गेली, कुणी वारलं का.

मी आता शाळेच्या मुलींना धावायला शिकवतो. त्यांच्यात एक पोर अशी आहे की तुझे सगळे नकाशे मागे टाकील. आसपासच्या छोट्या कॉलेजांनी मिळून बसने जाता येईल एवढीच एक लीग काढायचं ठरवलंय आणि मार्ग आखायला मला बोलावलंय. टीव्हीवाले येणार नाहीत. लोवेल येणार आहे. तुझी ती माणसं उद्या दार ठोठावायला आली तर आम्ही उघडू, पण जरा खोळंबवून.

रेडिओवाल्यांना मी काही सांगणार नाही. लोवेललाही नाही.

आणि नेरेआलाही तू इतक्यात काही सांगू नकोस. शनिवारी तिची हंगामातली शेवटची शर्यत आहे. ती होऊ दे. मग मी स्वतः तिकडे येतो आणि आपण दोघं मिळून तिला सांगू. मी लपवलं म्हणून ती पुन्हा माझ्याकडे तशीच बघेल, हे मला ठाऊक आहे. बघू दे.

माझं अंथरूण काढून ठेव. लोभ होताच, तो आता तुझ्या दारात येऊन मागतो.

तुझा
दादा