रांगेत उभी राहिलेली आई

अण्णा,

परवा आमच्या हॉस्पिटलात नव्या मुलींना शिकवायला मला उभं केलं होतं. गंगापूर रोडवरचं हे ट्रस्टचं हॉस्पिटल. चौकशीच्या टेबलावर मी कित्येक वर्षं बसते. समोर आलेल्या माणसाशी कसं बोलावं, हा विषय. मी म्हणाले, त्याला पुरतं बोलू द्या, मधे तोडू नका, आवाज चढवू नका. मुली लिहून घेत होत्या आणि माझं तोंड कडू होत होतं, कारण हे सगळं तुमचं होतं. रेशनकार्डाच्या खिडकीवर तुम्ही असंच वागायचात. लोक तुमचं नाव काढायचे. घरी आलात की मात्र तुमच्याकडे कुणासाठी शब्द उरलेला नसे. आई काही सांगू लागली की तुमचा पेपर वर व्हायचा. "दिवसभर लोकांची कटकट ऐकून आलोय, आता तू नको सुरू करू."

तिच्या पोटात दुखायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ती सांगत राहिली, तुम्ही ओवा खा म्हणत राहिलात. मग एका सकाळी तिने मला शाळेला दांडी मारायला लावली, ठेवणीतलं पातळ नेसली आणि द्वारका चौकातून रिक्षा करून आम्ही तुमच्या कचेरीत आलो. मला वाटलं, ती सरळ आत जाईल. ती रांगेत उभी राहिली. सरकत सरकत आमचा नंबर येतो, तुम्ही मान खाली घालून काहीतरी लिहिताय, आणि वर न बघताच म्हणता, "बोला ताई, काय अडचण आहे?" इतक्या मऊ आवाजात तुम्ही तिच्याशी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिनेही नसावं. ती खिडकीशी आणखी वाकली. मग म्हणाली, "पोटात फार दुखतं हो. घरी कुणी ऐकत नाही."

तुम्ही वर पाहिलंत. मागे कुणीतरी हसलं. "घरी बोलू," एवढं म्हणून तुम्ही पुढच्या माणसाला बोलावलंत. आणि संध्याकाळी बोललात, "चारचौघांत माझी शोभा केलीस." दवाखान्याचं नाव तेव्हाही नाही. होळीनंतर ती ओट्यापाशी कोसळली, तेव्हा नेलंत. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? त्यांच्याशीही किती आदबीने बोललात तुम्ही! ती त्याच उन्हाळ्यात गेली. पुढे तुमच्या निरोप समारंभात साहेबांनी तुमच्या सौजन्यावर भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुम्हाला ते दिसलं होतं. आपण त्यावर कधी बोललो नाही, आणि मग तुम्हीही गेलात.

त्या शिकवण्यानंतर दुपारी पेठ तालुक्याकडचा एक म्हातारा सुनेबरोबर आला. सुनेने माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव मोठ्याने वाचलं, तसा तो म्हणाला, "रेशनच्या हापिसात व्हते, ते तुझे कोन?"

"वडील."

"लय भला मानूस. मला बसाया खुर्ची दिली व्हती. आमाला कोन खुर्ची देतं?"

आईचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याला एक्स-रेच्या खोलीपर्यंत पोचवून आले. हे तुम्हाला कळणार नाही, म्हणूनच लिहिते आहे: टेबलाकडे परत येताना मला बरं वाटत होतं. त्याचाच अजून राग येतोय.