मधल्या पायरीचा खुलासा

सोलापूर, सोमवार

तीर्थस्वरूप आदिनाथमामा,

उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार (आत्याकडच्या माझ्या खोलीत पुस्तकांमधून जेवढं आडवं होता येतं, तेवढाच). तुमची पाठ कशी आहे? मामी बऱ्या ना? फोनच केला असता, पण मामी तो स्पीकरवर टाकतात. मग निम्मं वेळापूर ऐकतं, तिथून नातेपुत्याला आईला कळतं आणि आईला कळलं की बाबांना कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही.

बाबांची अट तुम्हाला ठाऊक आहेच. क्लासच्या चाचणीत निम्मे गुण, नाहीतर सोलापूर बंद आणि बारावी घरी बसून. आमचे गुरुशांत सर सत्तरीचे, फार थोर. पंख्याखाली स्वतः बसतात आणि आम्हाला सांगतात, घाम आल्याशिवाय गणित येत नाही. त्यांच्याकडे उत्तराला किंमत नाही, पायऱ्यांना आहे. इंटिग्रेशनच्या शेवटी ‘अधिक सी’ राहिलं की गुण कापला. हा सी किती, ते सरांनाही सांगता येत नाही, पण तो हजर पाहिजे (घरच्या कार्यात आत्याचे यजमान असतात तसा).

तरी मी निर्धास्त होते. अठरा वर्षं शाळेत गणित शिकवणाऱ्या मामाची रीत हाताशी असल्यावर भीती कसली? साइन भागिले एक अधिक कॉस, त्यात तोच अपूर्णांक उलटा करून मिळवा आणि दोन कोसेक येतात हे सिद्ध करा. सिद्ध काय करायचं, उत्तर छापलंय की! तुम्ही सुट्टीत शिकवलं होतं तशी वरून तीन ओळी खाली आले, उत्तरापासून दोन ओळी वर गेले, आणि मध्ये दोघांची गाठ पडेना तिथं सुवाच्य अक्षरात ‘सरळरूप देऊन’ असं लिहिलं. पाचही उदाहरणांत. सरांनी लाल पेनानं पाचही गोल केले आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, “हितनं तितं कशी गेलीस गं? उडून?” साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर एक, ही ओळ मी गाळली म्हणे. अहो, ती शेंबड्या पोरालाही येते, म्हणून तर लिहिली नाही. ऐंशीपैकी तेवीस पडले.

मामा, गच्चीवर जाऊन रडले मी. मला इथंच शिकायचंय. घरी गेले तर पाहुण्यांचा चहा आणि धाकट्या भावाचा गृहपाठ यातच माझी बारावी संपेल.

पाठीला जपा. मामींना नमस्कार (हे पत्र न दाखवता).

तुमची भाची,
उत्कर्षा

ता. क. सर फेरचाचणी घ्यायला तयार आहेत, पण पालक भेटल्याशिवाय नाही. शनिवारी पहिल्या एसटीनं या. नुसती मान खाली घालून बसा, गणितावर बोलू नका.

आणखी ता. क. ही रीत कुणी शिकवली, असं सरांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “वेळापूरचा आदिनाथ व्हय? बारावीच्या गणिताला दोनदा बसवलंय की मी त्याला.” तेव्हा येताना पेन आणा. फेरचाचणी दोघांची आहे.