दोन्हीकडचे बोल्ट आणि दादांची दुपारची झोप

ताई, प्रस्तुत चिठ्ठीत एक कबुली व एक विनंती क्रमाने सादर करीत आहे. चपला काढण्यापूर्वी वाचावी.

दादांच्या जुन्या गाडीची बॉडी व खालची चॅसी यांच्यामधील झिजलेली रबरे बदलण्याचे कार्य मी हाती घेतले. वास्तविक एका बाजूचे बोल्ट सोडताना दुसऱ्या बाजूचे घट्ट ठेवावयाचे असतात. उत्साहाच्या भरात मी दोन्हीकडचे सोडले. सध्या संपूर्ण बॉडी एक जॅक व दोन लाकडी ठोकळे यांवर उभी असून, तो जॅक हळूहळू खचत आहे. दुसरा आणण्यास मी गॅरेजवाल्याकडे धावलो आहे.

दादा चार वाजता उठतील आणि नित्याप्रमाणे गाडीत रेडिओ ऐकावयास बसतील. सकाळी मी विरोध करताच ते गरजले, "माझ्याच गाडीत बसायला तुझी परवानगी काढू का रे, दीडशहाण्या?" त्यावर माझ्या तोंडून "भंगार" हा शब्द निघून गेला. तेव्हापासून अबोला आहे.

तरी त्यांस चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरातच गुंतवून ठेवावे. मी सांगितले, असे मात्र चुकूनही म्हणू नये. माझे नाव ऐकताच ते मुद्दाम जाऊन बसतील.

वाचनाचे कष्ट घेतल्याबद्दल आभारी,
आपला धाकटा भाऊ, टिल्लू