पाठ टेकली तरी

तीर्थरूप बाबांना बारकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. दवाखान्यातली पाळी संपली की उभ्या उभ्या पेंगते, एवढंच. जिन्यातला दिवा अजून बंदच आहे; पण काळजी नको, म्हणूनच अंगावर आलेल्याच्या तावडीतून सुटायला शिकवणाऱ्या जिउ-जित्सूच्या वर्गाला जाते.

ही मूळ विद्या जपानची. ब्राझीलमध्ये किरकोळ अंगाच्या माणसांनी ती आपल्याला झेपेल अशी वळवून घेतली. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आधी पळायचं. पळता नाही आलं तरच हे.

पण मी रोज हरते. कोणी पाडलं की घरातल्या गादीवर कुस्ती शिकवतानाचा तुमचा आवाज ऐकू येतो, "पाठ टेकू नकोस!" मी झटकन पालथी होते आणि जोडीदारीण पाठीवर बसून गळा आवळते. काल बाई वैतागल्या.

"अगं, पालथी काय होतेस? उताणी हो!"

"पाठ टेकली की कुस्ती संपते, बाई. बाबांनी शिकवलंय."

"बाबांना सांग, इथे तिथूनच सुरू होते."

मग उताणी पडले आणि दोघींच्या मध्ये पाय घातले. माझ्या दुप्पट मुलगी, पण तिचा हात गळ्यापर्यंत पोचेना.

आई म्हणाली, डॉक्टरांनी मणक्यासाठी तुम्हाला उताणं पडून राहायला सांगितलंय आणि तुम्ही भिंतीशी बसूनच रात्र काढता. खरं का? बाबा, मी थकलेय, तुम्हाला दामटून निजवायला इथून येता येत नाही. तुम्ही हरलात असं कोणी म्हणणार नाही. पाठ टेका.

तुमचीच,
बारकी