कानांतला कापूस

ठाकुर्ली,
१२ ऑक्टोबर १९५४

चि. दौलतला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

बेळगावच्या घरी दुपारी आई निजली की आपण तव्यावर चिंचोके भाजायचो, आठवतं? एखादा फुटला की तू माझ्या पाठीमागे लपायचास.

इकडे सर्व ठीक. ठाण्याच्या एका बंदूकवाल्याने विक्रीआधी तपासायला दिलेली नवी रायफल ह्यांनी तयार केली. लाकडी दस्ता लांब होता, तो माझ्या खांद्याला लावून बघत बघत कापला. ही रायफल पुढची गोळी आपणच भरते. जुन्या रायफलीचा गोळी आत सारणारा बोल्ट हाताने ओढावा लागे, तेव्हा तो नीट बसला की नाही ते हाताला कळे. म्हणून दगडाच्या खाणीत चाचणी घेताना ह्यांनी कानांतला कापूस काढून ठेवला. म्हणाले, "अगं, आता कानालाच विचारायला हवं."

रायफल उत्तम झाली. दिवाळीत दुकानात येईल. ह्यांच्या कानांना दडे बसलेत. सुटतील, असं डॉक्टर म्हणतात.

काल पोळ्या लाटताना मी कॉन्व्हेंटात शिकलेलं गाणं मोठ्याने गात होते. हे समोरच पेपर वाचत बसलेले. हसून म्हणाले, "आज गाणं नाही? रुसलीस वाटतं!"

मी घशाला हात लावून दुखतोय अशी खूण केली.

तुझ्या विमलचा गुडघा कसा आहे? तिला शेकायला सांग.

ग्रामोफोन रेल्वे पार्सलने पाठवते आहे, तो तू ठेव. तबकड्या विमलला. माझी बाजाची पेटी तुमच्या छोट्या गोदूला दे. भाता जरा गळतो, तेवढा चिकटवून घे.

तुझी,
अक्का