दिवाळसणाचं जपानी घड्याळ

आप्पा, काल लेकीनं मोबाईलवर तुमच्या त्या जपानी घड्याळ कंपनीचा इतिहास वाचून दाखवला. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, हात तिथंच थांबले. लातूरला गोलाईजवळच्या आपल्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, गिऱ्हाइकाला चहा पाजत तुम्ही जे सांगायचात ते बरंचसं खरं निघालं की. मला आपलं वाटायचं, निम्मं तुमच्या पदरचं असणार. पावसात बाकीचे दुकानदार माशा मारत बसतात, घड्याळ दुरुस्त करणारा मात्र मान खाली घालून कामात असतो, हे बघून ती कंपनी काढणाऱ्या माणसानं हा धंदा धरला. हे तर तुम्ही असं सांगायचात, जसा काही तो आपल्याच गल्लीत राहत होता. आधी लोकांची जुनी घड्याळं दुरुस्त केली, मग स्वतः भिंतीवरची बनवली, मग खिशातली, मग मनगटावरची. आणि त्यांच्याकडं मोठा भूकंप होऊन आग लागली, दुरुस्तीला आलेली घड्याळं जळाली, तेव्हा त्यानं पेपरात छापून गिऱ्हाइकं बोलावली आणि ज्याचं गेलं त्याला नवं दिलं. गोष्टीत इथं आलात की तुम्ही भिंग काढून ठेवायचात. मागच्या घरातून अव्वा म्हणायची, "झालं, आलं जपान."

मग भूकंप आपल्याकडंच झाला. आपल्या घराला चिरा पडल्या, पण जीव वाचले. दुकानातलं काचेचं कपाट तेवढं पालथं झालं, दुरुस्तीच्या घड्याळांसकट. बहुतेक सगळी तुम्ही जुने पार्ट घालून फुकटात चालू करून दिलीत. एक मात्र काही केल्या चालेना. त्याचा मालक, औशाकडचा एक म्हातारा, दिवाळीच्या सुमाराला आला. घर बसलं होतं त्याचं. म्हणाला, घरातलं काही उरलं नाही, हे तुमच्याकडं होतं म्हणून वाचलं असंल. तुम्ही उठलात आणि कुलपातलं नवं जपानी घड्याळ काढलंत. ते माझ्या नवरदेवासाठी घेऊन ठेवलेलं होतं. उमरीच्या पाहुण्यांना तसा शब्दच गेलेला, लग्न उन्हाळ्यात, आणि दुसरं घ्यायची तेव्हा ऐपत कुठली. मी डबा घेऊन दारात उभी. अव्वा मागनं आली, तिला सगळं उमजलं. आईच ती, म्हणाली, "त्या जपान्याच्या घरी उजवायची हाय का पोरगी? उद्या बोलणी हिला खावी लागतील." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हणाले, "द्या, आप्पा." म्हातारा मागं सरकला. "माझं साधं हुतं, शेठ. ह्ये लई भारी हाय." तुम्ही म्हणालात, "माझ्या दुकानात फुटलं. घ्यावंच लागंल."

मांडवात तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ उतरवून जावयाला बांधलंत, आणि का, तेही त्यांना तिथंच सांगितलंत. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. सासूबाईंना मात्र ते काही पचलं नाही. घड्याळवाल्याची पोरगी, अन् जावयाला उतरलेलं घड्याळ, असं येता-जाता कानावर पडायचं. अव्वाचं खरं ठरतंय की काय, आणि जन्मभर हेच ऐकायचं की काय, ह्या धास्तीत मी असायचे.

पहिल्या दिवाळसणाला आम्ही लातूरला आलो. तुम्ही दिलेल्या घड्याळाला चावी देत जावई तुमच्यापुढं बसलेले, आणि तुम्ही अव्वाकडं असं बघत होतात, की बघ, म्हटलं होतं ना, काही बिघडत नाही. परतताना नांदेडला हे एसटीतून उतरले, मला स्टँडवर बसवलं आणि तासाभरानं त्याच कंपनीचं नवं घड्याळ घालून आले. तुमचं रुमालात बांधून खिशात. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "घरी सांगू, सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलं." सासूबाईंनी ते आळीभर दाखवलं. बोलणी त्या दिवशी बंद झाली ती झालीच. पुढं लातूरला यायचं म्हटलं की नांदेडच्या पुढं एसटीतच घड्याळ बदलायचं, तुमचं हातात, ते खिशात. तुम्हाला कधी संशय आला नाही. का आला होता, आणि तुम्ही मिशीत हसत होतात?

तुम्ही असताना हे सांगायला कितीदा तोंड उघडलं होतं. पण जावयाच्या हातात आपलं घड्याळ बघून तुमचा चेहरा असा फुलायचा, की म्हटलं राहू दे. तुमच्या घड्याळाला आजही मीच रोज सकाळी चावी देते, देवापुढं दिवा लावायच्या आधी. हे लिहिलेलं त्याच्याच डबीत घडी करून ठेवते, तुम्हाला पाठवायचं तरी कुठं.

काल वाचून झाल्यावर लेकीनं बापाचा हात धरून घड्याळ बघितलं. "हेच ना ते? आजोबांनी दिवाळसणाला दिलेलं?" हे शेंगांच्या सुपात बघत बसले. मी म्हणाले, "हाव, त्यांनीच दिलं." आणि आप्पा, खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही.